पाल्याचा ढीग खाली बसू नये म्हणून

१ फेब्रुवारी, शनिवार

शाळेने अखेर माझी दखल घेतली. नम्रता बाई पोरांची रांग घेऊन अंगणात आल्या. म्हणाल्या, तात्या, शाळेच्या आवारात सगळं सिमेंट. तुमच्या फणसाखाली पाल्याचा ढीग लावू का? दर शनिवारी येऊन बघू. मी म्हणालो, विचार करतो. अर्धा मिनिट केला.

विषय कार्बनचक्र. बाईंनी तक्ता धरला. झाड हवेतला कार्बन खातं, पाला गळतो, कुजतो, थोडा कार्बन हवेत परत, थोडा मातीत. पुढेही बाण होते, पण तेवढ्यात चहा उतू गेला. मुख्य गोष्ट समजली. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं.

पोरांनी रानातल्या ऐनाच्या झाडांचा पाला ओतला, मधोमध खुणा केलेला बांबू रोवला. कुजेल तसा ढीग खाली बसणार. माझ्याकडे पाणी मारायचं काम.

संकल्प : पाणी रोज. चुकायचं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज चुन्याची निवळी. चुना माझ्या तंबाखूच्या डबीतला. (बाईंनी डबीकडे बघितलं. मी फणसाकडे बघितलं.) निवळीत नळीने फुंकायचं, श्वासातल्या कार्बनने पाणी दुधी होतं. सगळ्यांत आधी माझं झालं. चौथीतली प्रिया टाळ्या वाजवून म्हणाली, तात्यांच्या पोटात लई कार्बन हाय! घरात इतकी माणसं बऱ्याच दिवसांनी हसली. बायको गेल्यापासून कपबश्याही एवढ्या निघाल्या नव्हत्या.

मग ढीग मोजला. चांगला चार बोटं बसलेला. पोरं खूश. मी बाईंना सहज विचारलं, पूर्ण बसला की मग काय? म्हणाल्या, मग हा प्रयोग संपला. पुढेही काही सांगत होत्या. मी ढिगाकडे बघत होतो.

जेवण गेलं नाही. बहुधा गॅस.

११ फेब्रुवारी

पाणी बंद केलं. विज्ञानात घाई बरी नाही. शिवाय गुडघा दुखतो.

१३ फेब्रुवारी

पाणी बंद, तरी ढीग उतरतोच आहे. वारा दाबत असेल.

१४ फेब्रुवारी, दिवेलागण

कुंपणापलीकडे शेजारच्या गोदाने ऐनाचा टहाळ तोडून सुकत टाकलाय. राबासाठी. पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून जाळणार. म्हणजे तो कार्बन हवेतच जायचा. माझ्याकडे आला तर शाळेच्या कामी येईल. एक टोपली आणून ढिगावर टाकली. याला चोरी म्हणत नाहीत. ढिगाला टेकू दिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ढीग परत पहिल्या दिवसाच्या खुणेवर. पोरांनी पुन्हा पुन्हा मोजला. प्रिया म्हणाली, ह्यो ढीग जेवतो का काय? मी सांगितलं, थंडीत पाला झोपतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. शिकवणं माझ्या रक्तातच असावं. गिरणीच्या गेटवर वॉचमनकीत आयुष्य गेलं ते चुकलंच.

बाईंनी लिहून घेतलं नाही.

१ मार्च, शनिवार

ढीग खुणेच्या दोन बोटं वर. काल टोपली जास्त भरली. बाईंनी स्वतः पुन्हा मोजला. मी म्हणालो, चक्र आहे, उलटंही फिरत असेल.

नेरळला मनोजला फोन केला. शाळेत शिकवतो म्हणून सांगितलं. म्हणाला, बाबा, पगार देतात? म्हणालो, मानाचं पद आहे. म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. शनिवारी संध्याकाळी मीटिंग. मोठी कंपनी आहे.

संकल्प : टोपली अर्धीच भरायची.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

पोरं मोजायला वाकली आणि गोदा कुंपणावरून गरजली. आवं तात्या, मी म्हनलं वासरू शिरतंय रोज टहाळात, म्हनून दबा धरून बसले. बघते तर तुमी! टोपली घेऊन कुंपणातनं सरपटताय! माझा राब काय आता तुमच्या टोपीनं भाजू? पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मीही हसलो, म्हणजे सगळे मिळून हसलो असं दिसलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पण का तात्या? मी म्हणालो, ढीग उतरलेला बघून पोरं हिरमुसली असती. बाई म्हणाल्या, तो उतरायलाच हवा होता. त्याच मातीत पोरं इथे भेंडी पेरणार होती. रोप वाढताना हवेतला कार्बन परत खातं, तक्त्यावर होतं ना? जूनपासून पावसाळाभर दर शनिवारी यायचं होतं तुमच्याकडे.

ते शेवटचे बाण.

मी म्हणालो, मग आता पाणी मारतो, रोज मारतो. बाई म्हणाल्या, आता वेळ गेली, तात्या, हा नवा पाला जूनपर्यंत कुजायचा नाही. खालच्या आळीत ललिताकडे कुजलेलं खत तयार आहे. भेंडी तिथेच पेरू. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना पोरांना म्हणाल्या, तात्यांना थँक्यू म्हणा. म्हणाली सगळी. सुरात.

१० मार्च

गोदा पाला परत घेऊन गेली. शाळेचाही नेला, वेगळा कसा करणार? म्हणाली, जेवलाव का? म्हणालो, हो. खोटं होतं, तिने भाकरी आणून ठेवली. तिची पद्धत उलटी आहे, आधी ओरडते, मग भाकरी आणते.

१५ मार्च, शनिवार

खालच्या आळीतून पोरांचा आवाज येत होता. प्रियाचा ओळखू आला. मी तिकडे गेलो नाही. कामं होती.

फणसाखाली गोल डाग उरलाय, मधोमध बांबू. संध्याकाळी तिथे दोन बादल्या पाणी मारलं. गोदा कुंपणावरून म्हणाली, आता कशापायी तात्या? बांबूला पालवी फुटायची हाय का?

म्हणालो, धूळ बसवतोय. पुढच्या शनिवारी कोणी आलंच तर.