रिकामी टोपली वर जात नाही

दोरगल्ली, जॉर्ज टाउन
रविवार, दुपार

तीर्थरूप दादांस,

धाकट्या कियाटचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व बरे आहोत, तिकडे आपणही खुशाल असाल असं धरून चालतो. आपला गुडघा काय म्हणतो? इपोचं पाणी आपल्याला मानवलं असेलच (त्या पाण्यावर मोड आलेले मूग जाडजूड होतात म्हणे, माणसांचं माहीत नाही). स्यू लान आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. आपण जेवण वेळेवर घेता का, औषध चुकवत नाही ना, हे विचारत नाही, कारण आपण आजवर कुणाचंच ऐकलेलं नाही. (हे ‘आपण’ मला झेपत नाही, दादा. नऊ वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो. आता बनियनवर येतो.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पत्र मी भांडण उकरून काढायला लिहीत नाही. ते भांडण मी केव्हाच विसरलो. फूड कोर्टात तुला पक्का गाळा मिळाला तेव्हा तू म्हणालास की आता गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येईल, पुढे कुणी बांबू वाजवत जायची गरज नाही, आणि तसंही लोक माझ्या रश्शासाठी येतात, तुझ्या टकटकीसाठी नाही. मंगळवार होता. मैदीनभाई त्यांच्या चहाच्या गाड्यावर उंचावरून चहा ओतत होते, ते ऐकून त्यांची धार कपाबाहेर गेली. तू निळा शर्ट घातला होतास, वरचं बटण तुटलेलं. तर हे सगळं मी साफ विसरलो आहे. जन्मभर तू मागे हातगाडीवर रस्सा ढवळलास आणि मी पुढे बांबूचे दोन तुकडे आपटत, घराघरातून मागणी घेत, गरम वाडगे पोचवत चाललो, त्याची एका वाक्यात वासलात लावलीस, तेही विसरलो. पुढे तू गाळा विकून लेकीकडे गेलास आणि मी बेंगच्या दुकानात मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तू विकायला लागलो. बरं चाललंय. गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही.

तर गेल्या महिन्यात पेई शान नावाची एक मुलगी दुकानात आली. वारसा समितीची. मला वाटलं कुणी गेलं असेल, म्हणून मी कागदी बंगले दाखवायला लागलो. ती म्हणाली, “काका, मी तुमच्यासाठी आलेय. तुम्ही आपल्या शहराचा वारसा आहात.” घरी येऊन हे सांगितलं तर आमची ही म्हणाली, “वारसा रात्रभर घोरतो, तेही लिहून घ्या म्हणावं.” समितीला म्हणे टोक-टोक नूडल्सवाल्याचा तो आवाज चित्रित करून ठेवायचा होता. गाडीसुद्धा मिळवली होती, तीही आपलीच, भंगारवाल्याकडून सोडवलेली. दादा, तू ती ओळखणार नाहीस. इतकं पॉलिश मारलंय की तिच्यात बघून दाढी करावी. निखाऱ्यांच्या खड्ड्यात सिमेंट ओतून वर लाल दिवा बसवलाय. ज्या भोकात तू फुंकर मारायचास त्यातून आता वायर येते. मी विचारलं, चूल पेटवायची कशी? तर पेई शान म्हणाली, “चूल नाही काका, चुलीचा आभास.”

काल संध्याकाळी चित्रीकरण झालं. मी बांबू घेतले (तेच, मी ते कधी टाकले नव्हते, माळ्यावर होते, सहज) आणि आपल्या गल्लीत शिरून ठेका धरला. टोक, टोक-टोक. टोक, टोक-टोक. हात विसरले नव्हते. फक्त मागून चाकांचा आवाज येत नव्हता. मी दोनदा वळून बघितलं. पेई शानने ते दोन्ही वेळा पुन्हा करायला लावलं, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणाली. मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो. वाईट वाटलं, एवढंच लिहितो आणि पुढे जातो.

मग ती म्हणाली, “काका, जरा फास्ट वाजवा ना. एकदम जोशात. हे फार झोपाळू वाटतंय.” आता फास्ट वाजवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ते आपण फक्त पातेल्याच्या तळाशी शेवटचे वाडगे उरले की वाजवायचो: संपत आलं, धावा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मनात म्हटलं, कुणाला आठवतंय आता? निम्म्या गल्लीत हॉटेलं झालीत, उरलेली टीव्हीपुढे बसलीय. आणि मी वाजवलं. पहिली खिडकी उघडली ती शिंप्याच्या माडीवरची. मग समोरची. मग, दादा, खिडक्यांतून टोपल्या खाली यायला लागल्या. दोरीला बांधलेल्या, त्याच जुन्या, आत घरचा वाडगा आणि वाडग्याखाली पैसे. एका टोपलीत अंडंसुद्धा होतं (आपल्या घरचं अंडं देऊन तेच रश्शात फोडून घेणारा तो कंजूस कारकून अजून जिवंत आहे). हॉटेलच्या माडीवरून एका गोऱ्या पाहुण्याने सगळे सोडतात म्हणून उशीचा अभ्रा सोडला, त्यात दात घासायचा पेला. वरून ओरडा चालू झाला: “मिरची जास्त!” “आमच्यात नाळीची भाजी घाल!” “आम्ही पहिले होतो, त्या शिंप्याला आधी देऊ नकोस!” आणि खाली मी, दोन बांबू, आणि लाल दिवा.

पेई शान म्हणाली, सांगून टाका ना, हा फक्त कार्यक्रम आहे. मी म्हटलं, तू सांग. तिने मान वर करून त्या सगळ्या खिडक्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “काका, काहीतरी करा.” शिवाय तुझा नियम मध्ये होताच. खाली आलेली टोपली रिकामी वर जायची नाही, रस्सा संपला तर निदान चार कोळंब्या टाकून पाठव, पण रिकामी नाही. तू गेलास, नियम इथेच सोडून गेलास.

मैदीनभाईंनी चूल दिली. पण अट घातली. म्हणाले, “पातेलं माझं, आच माझी. तुझं ते डुक्कर माझ्या पायरीच्या पलीकडे. हाडही नको, चरबीही नको.” म्हणजे तुझ्या रश्शातला अर्धा जीव तिथेच गेला. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून नूडल्स, कोळंबीची डोकी आणि मिरचीचा ठेचा आणला आणि मी पातेल्यासमोर उभा राहिलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी इतक्या वर्षांत आली नव्हती. मी जन्मभर तुझ्यापुढे चाललो. तू रस्सा कसा करायचास ते माझ्या पाठीने पाहिलंय, मी नाही. डोकी आधी परतायची की आधी उकळायची? खडीसाखर केव्हा? मी सगळं एकदम टाकलं. रंग आला, तो लाल दिव्यासारखा. मैदीनभाईंनी चमचाभर चाखला, चमचा धुऊन ठेवला आणि म्हणाले, “जेवण म्हणून पाठवू नकोस. औषध म्हणून सांग.”

पण पाठवलं. टोपल्या भरून वर गेल्या आणि गल्ली गप्प झाली. तशी शांतता मी फक्त दुकानात ऐकतो. मग एकेक खिडकी सभ्यपणे बंद झाली. शिंपी तेवढा म्हणाला, “वाजवलंस मात्र झकास.” गोऱ्या पाहुण्याने टाळ्या वाजवून आणखी एक पेला मागितला (यावरून तू काय ते समज). आणि मग क्वा काकूंची टोपली परत खाली आली. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या माडीवरच्या, कोंबड्याचं चित्र असलेल्या वाडग्याच्या, त्या क्वा काकू. वाडगा काठोकाठ भरलेला, फक्त चमचा ओला. त्या खिडकीत आल्या. आता फार म्हाताऱ्या झाल्यात, पण आवाज तोच.

“कियाट! हे काय आहे?”

“नूडल्स, काकू.”

“थोरला मेला का?”

“नाही हो. इपोला असतो.”

“मग मेल्यासारखा का वागतो? त्याला बोलाव. मला वाट बघायला लावू नका म्हणावं, माझ्याकडे तेवढी वाट उरलेली नाही.”

पेई शानने हे सगळं चित्रित केलंय. कापून टाक म्हटलं, तर म्हणते हाच खरा वारसा.

असो. या सगळ्यातून काय सिद्ध होतं ते तुझ्या लक्षात आलं असेलच. नऊ वर्षांनी नुसते दोन बांबू वाजले आणि अख्खी गल्ली खिडकीत आली. चुलीत सिमेंट असताना आली. लोक कशासाठी यायचे, या प्रश्नाचा निकाल लागला. एवढंच कळवायचं होतं, बाकी काही नाही. तब्येतीला जप, गुडघ्याला तेल लाव, लोभ आहेच, तो पूर्वीइतकाच असावा.

तुझा धाकटा,
कियाट

ता. क. तू ये असं मी म्हणत नाही. एवढा बसचा प्रवास, त्यात हा उकाडा. फक्त कळवतो की पुढची खोली रिकामी केली आहे. तिथे दुकानातले कागदी बंगले रचून ठेवले होते, ते हलवले. ही म्हणाली, थोरले भावजी आले आणि उशाशी ते बघितले तर आल्या पावली परत जातील.

आणखी ता. क. मी आणि मैदीनभाईंनी मिळून गाडीतलं सिमेंट छिन्नीने फोडलं. पेई शान आधी रडकुंडीला आली, मग आज सकाळी स्वतःच कोळशाचं पोतं घेऊन आली. गाडी मैदीनभाईंच्या पायरीच्या पलीकडे उभी केली आहे, म्हणजे हाडांचा प्रश्न नाही. येत्या शनिवारी पुन्हा चित्रीकरण आहे. मी पुढे चालेन. मागे कोण, ते अजून ठरलेलं नाही. (लोक माझ्या टकटकीने खिडकीत आले, हे वर लिहिलंच आहे. खिडक्या बंद कशाने झाल्या, तेही लिहिलं आहे. पुन्हा लिहायला लावू नकोस.)

शेवटचं ता. क. क्वा काकूंची टोपली अजून खालीच आहे. मी वाडगा रिकामा करून (मांजरानेही नको म्हटलं) धुऊन परत ठेवला आणि दोरी हलवून म्हटलं, काकू, वर घ्या. त्या म्हणाल्या, “रिकामी टोपली वर जात नाही. तुम्हीच सांगायचात ना?” आणि दोरी खिडकीला बांधून आत निघून गेल्या. टोपली ओसरीच्या तोंडाशी लोंबते आहे, सायकलवाल्यांच्या डोक्याला लागते. पावसासाठी मी वर छत्री बांधली आहे. आसपासची माणसं तिला टपालपेटी समजून त्यात माझ्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायला लागलीत. मी काकूंना म्हटलं, दादाचं उत्तरही यातच येईल बहुतेक. त्या आतूनच म्हणाल्या, पत्राला रस्सा सुटत नाही.