सरासरीचा ओटा

४ फेब्रुवारी

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. पहिला माझ्या प्रत्येक वाक्याला "हो सर, हो सर" — अशा माणसांनी मोठमोठ्या चळवळी बुडवल्यात, स्वयंपाकघराची काय कथा! दुसऱ्यानं मोबाइलवर चकाचक फोटो दाखवले. एकाही ओट्यावर साधं पातेलं नव्हतं. तिसरा वयस्कर, कानावर पेन्सिल. त्यानं एकच विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

मी सुरू झालो. घरकाम कुणा एकाचं नव्हे, बाईच्या वेळेवर घातलेला दरोडा हा माणसाच्या इतिहासातला सर्वांत जुना दरोडा, वगैरे. वीस मिनिटं तरी बोललो असेन. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे वहिनी."

याला काम दिलं.

६ फेब्रुवारी

हिला फोन केला. धाकट्या बहिणीकडे जाऊन सहा आठवडे झाले. खांदा धरलाय, हात वर जात नाही. जाताना "दोन आठवड्यांत येते" म्हणाली होती. आता विचारलं की "बघू."

सांगितलं, स्वयंपाकघर नवं करून घेतोय.

"कुणासाठी?"

तुझ्यासाठी! दुसरं कोण आहे घरात?

ती म्हणाली, "बरं. कॉन्ट्रॅक्टरचा नंबर पाठवून ठेवा."

या "बघू"चं काय करायचं? भर सभेत विरोधकाला गप्प केलंय मी. "बघू"ला उत्तर नाही.

९ फेब्रुवारी

तोडफोड. धूळ पुस्तकांवर, चष्म्यावर, जिभेवर.

कॉन्ट्रॅक्टरनं ओट्याखालून एक लाकडी पाट ओढून काढला. मधोमध झिजलेला. "हा टाकू?"

टाका म्हटलं, बसायचा जुना पाट आहे.

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "वहिनी उंचीनं कमी आहेत का?"

हो, माझ्या खांद्याला लागते.

"मग हा बसायचा नाही, सर. यावर उभ्या राहत असणार. आणि उभं राहूनही हा ओटा त्यांना उंचच पडत असणार. हात सारखे वर. खांदा जाणार नाही तर काय होणार?"

अठ्ठावीस वर्षं! रोज दहादा मी त्या दारात येऊन चहा मागितला असेल. पाट दिसला नाही.

टाकू दिला नाही. कपाटावर ठेवलाय.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी व्याख्यान. विषय आधीच ठरलेला — समतेची सुरुवात घरातून. टाळ्या पडल्या. घरी येऊन उभ्या उभ्या कोरडा ब्रेड खाल्ला. स्वतःचाच आवाज कानात घुमत होता आणि तो बंद करता येईना. दमलो.

१२ फेब्रुवारी

आज उंचीचं माप. त्याची पद्धत सरळ आहे. जो ओट्याशी उभा राहणार त्यानं कोपर वाकवायचं, त्याखाली चार बोटं सोडायची, तिथं ओटा. "वहिनींचं माप द्या."

फोन लावला. हिनं उचलला नाही. मग हातानं हवेत दाखवायला लागलो — इथं... नाही, जरा खाली... थांबा, वर. तो नुसता बघत होता.

शेवटी म्हटलं, हे बघा, ओट्याशी दोघांनीही उभं राहायचंय. तत्त्वाचा प्रश्न आहे. सरासरी काढा!

"सरासरीला कोपर नसतं, सर. दोघांचंही दुखेल."

दुखू दे! पण सारखं दुखू दे!

त्यानं निमूटपणे टेप माझ्या कोपराला लावला. "एक तरी माप खरं असू दे," म्हणाला. मग हिचं माप माझ्या अंदाजानं धरून भिंतीवर सरासरीची रेघ मारली.

१५ फेब्रुवारी

नळ तोडलाय. भांडी न्हाणीघरात, उकिडवं बसून. कंबर गेली.

१९ फेब्रुवारी

ओटा बसला. रेघेपेक्षा चांगला चार बोटं वर!

ठणाणा केला. तुम्ही दिलेला शब्द मोडलात, एका बाईच्या दुखऱ्या खांद्यावर दगड ठेवलात, ती आता कशाला परत येतेय! सभेतला आवाज लागला. शेजारच्यांची खिडकी उघडली.

कॉन्ट्रॅक्टरनं पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा खोवली. "झालं बोलून? आता वहिनींना विचारा. माझ्या तोंडून बरं दिसणार नाही."

भांडायचीही ताकद उरली नाही. विचारतो. मग तोडायलाच लावतो.

२० फेब्रुवारी

हिनं पहिल्या घंटीला उचलला. "मीच फोन करून सांगितलं त्यांना, माप तुमचं घ्या म्हणून. शुक्रवारी येतेय मी. पण खांदा बरा झाला तरी त्या ओट्याशी मी उभी राहणार नाही हं. तुम्ही राहा. जन्मभर सांगताय ना लोकांना!"

फोन ठेवला.

पाट धुऊन खिडकीशी ठेवला. हिला बसायला. भात लावला, खालून करपला. पाठ दुखली नाही — ओटा अगदी मापाचा आहे.