नायलॉनचा पाळणा

सेक्टर ६, भिलाई

प्रिय बाबा,

येत्या रविवारी पोरीचं बारसं आहे आणि तुम्ही येत नाही, एवढंच तुम्ही कळवलं. कावून येत नाही, ते नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, दोर पाहून येतो, पुन्हा बसतो. बाजेवरून रुक्मा म्हणते, घरात लेकरू एक आहे का दोन.

दोर म्हणजे पाळण्याचा. आपल्या घरी नातवंडाच्या पाळण्याले आजोबानंच दोर वळायचा. केवलदादाच्या सगळ्या लेकरांले तुम्ही अंबाडीचा वळून दिला. माझ्या पोरीची पाळी आली तर आधीच्या चिठ्ठीत म्हणता, तुमच्या कारखान्यात काय मिळत नाही! मले राग आला, बाबा. म्हटलं, मिळते तर मिळते. रशियन मशीनच्या पेटीसोबत आलेला नायलॉनचा दोर गेटपास काढून घरी आणला.

दिसायले रेशीम, पण भलताच ताणते. पाळण्यात विटा ठेवून पाहिलं तर पाळणा फरशीले टेकला. मग विटांची गोणी टांगून दोर चांगला ताणून काढला, तेव्हा कुठं तो जागेवर राहिला. मी खूश. ड्यूटीवरून येऊन पाहतो तर सासूबाईंनी तो उकळत्या पाण्यात टाकलेला. बाळंतिणीच्या खोलीत येते ते सगळं त्या उकळतात, दोर कसा सुटेल? आखडून जाड झाला, अन् वजन देताच पाळणा पुन्हा फरशीवर. सगळी मेहनत पाण्यात. लोखंडाचंही असंच, थंड ठोकून कडक केलेलं तापवलं की नरम पडते. रोज पाहतो, पण घरी डोकं चाललं नाही. आता दोर पुन्हा उकळून, गरम होता तेव्हाच गोणी टांगली, म्हणजे ताणलेलाच निवेल अन् तसाच राहील. पुरता निवेपर्यंत कोणाले हात लावू देत नाही.

दोराची काळजी नाही, तो टिकेल. पण काल केवलदादा आला अन् त्यानं सगळं सांगितलं. पोळ्यापासून तुमचा उजवा हात उचलल्या जात नाही. अंबाडी घेऊन बसता, पीळ सुटतो, अन् बैलांच्या कोठ्यात जाऊन रडता. बाबा, मले सांगायचं ना! माझा राग कुठच्या कुठं गेला. दोर वळलेलाच आहे. पण पाळण्याची गाठ तुम्हीच बांधायची, डाव्या हातानं. दुसरं टोक मी धरतो. शनिवारी तुमाले घ्यायले येऊन राहिलो. तुम्ही गाठ बांधेपर्यंत पोर माझ्या मांडीवर झोपेल.

तुमचाच,
देवीदास