घमेल्याखालचं कार्ड

अक्का, तुम्हाला जाऊन आता तीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तरी ते वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा वाचता येणारी मी एकटीच होते. तुमचे धाकटे दीर, भाऊ, तिसरीतून उठून केळीच्या बागेत गेलेले. जोडाक्षर दिसलं की ते चष्मा शोधायचे, आणि चष्मा त्यांना नव्हताच. आज लिहायला बसले त्याला कारण तुमची पणतसून. तुमचा पणतू मालवाहू जहाजावर असतो. परवा त्याला फोनवरून पाठवलेल्या निरोपापुढे पोहोचल्याची दुसरी खूण उमटेना, म्हणून ही पोरगी दुपारपर्यंत जेवली नाही. जळगावात पंख्याखाली बसून तिनं मला विचारलं, आजी, तुमच्या वेळी कसं व्हायचं हो? मी म्हटलं, आमच्या वेळी अक्का होत्या. तिला काही कळलं नाही, पण तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जायला तयार नाही.

तुमचा लेक नौदलात होता, आणि त्याची पत्रं तुमच्या नावावर यायची. बायकोच्या नावानं पत्र पाठवणं म्हणजे भर बाजारात तिचा हात धरणं, असं सगळ्या गावाचं मत होतं, आणि तुमचं तर जरा जास्तच. मी धुळ्याची, मॅट्रिक झालेली. मला वाटायचं, एखादी ओळ तरी माझ्यासाठी असेल. ती असायची, अगदी शेवटी: घरातील सर्वांस यथायोग्य. त्या सर्वांत मी, भाऊ, बागेतला गडी आणि बहुधा म्हैसही. दुपारी ओसरीवर तुम्ही सुपात डाळ घेऊन बसायचात, शेजारच्या काकू यायच्या, आणि मी डोक्यावरचा पदर सावरून माझ्याच नवऱ्याचं पत्र तुम्हाला वाचून दाखवायची. एकदा त्यांनी लिहिलं की बोटीवर मासे खायला शिकलो. तुमच्या गळ्यात माळ. माझी जीभ क्षणभर अडखळली आणि मी वाचलं, मूग खायला शिकलो. तुम्ही काकूंना अभिमानानं सांगितलंत की सरकार आपल्या पोराला रोज मूग घालतं. मग उत्तरात तुम्ही मला लिहायला लावलंत की मुगानं वात होतो, बेतानं खा. ते पत्र वाचून त्यांनी काय समजून घेतलं असेल देव जाणे.

तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. तुमच्या कल्पनेत बोट म्हणजे यावलची एस.टी., फक्त जरा ओली. "सायबाले सांग, मले मधातली जागा द्या, काठावर बसवू नका. आन् अंधार पडला का जहाज काठाले लावत जा." हे सगळं मी इमानानं लिहायची आणि खाली दोन ओळी गुपचूप माझ्या घुसडायची, काय शिजवलं, काय फुटलं, कुठल्या रंगाचं लुगडं नेसले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण माप कळायचं. मी बोलायची थांबली तरी तुझा हात चालूच कसा, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नमस्कार लिहायला जागा लागते. त्यावर तुमच्या लेकानंही युक्ती केली. तुमच्या पत्राच्या मधेच तो बारीक अक्षरात एखादी ओळ माझ्यासाठी टाकू लागला. ती आली की माझे कान तापायचे आणि वाचन थांबायचं. तुम्ही कारण विचारलंत तेव्हा मी अक्षर फार बारीक असल्याचं सांगितलं. झालं. पुढच्या पत्रात तुम्ही त्याला ठणकावलंत की मोठं अक्षर काढ, सुनेचे डोळे जातील. तेव्हापासून पाटीवर काढावं तसं मोठं अक्षर यायला लागलं आणि माझी ओळ जागेअभावी बंद पडली. त्या दिवशी मी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की परातीला पोचा आला. तुम्ही म्हणालात, भाकर चांगली पातळ झाली.

मग एकाहत्तरची लढाई लागली आणि पत्रं बंद झाली. भाऊ फैजपूरला जाऊन कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या ऐकून यायचे आणि प्रत्येक बातमी आपल्याच लेकाबद्दल असल्यासारखी सांगायचे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण सुट्ट्या मोजल्या तर आमचा सहवास जेमतेम दीड महिन्याचा. मी घाबरले होते, अक्का. कपाळ पांढरं होण्याची भीती तर होतीच. पण दुसरी एक भीती होती, ती कोणाला सांगायची सोय नव्हती. मला त्यांचा आवाज आठवेनासा झाला होता. त्यांचं अक्षर डोळ्यांपुढे यायचं, आवाज मात्र प्रत्येक वेळी माझाच ऐकू यायचा, कारण त्यांची सगळी पत्रं मीच तर मोठ्यानं वाचली होती.

लढाई संपली. आठवडा गेला, दुसराही गेला. आणि एका सकाळी पोस्टमन सायकलवरून उतरला, पण नेहमीसारखा ओसरीपर्यंत आला नाही. फाटकापाशीच थांबला आणि हाक मारली, अक्का, जरा बाहेर या. त्याच्या हातात कार्ड होतं आणि कार्डाला कोपरा नव्हता. आजकालच्या पोरांना हे सांगावं लागतं, तुम्हाला नको. मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचं, ते घरात न्यायचं नाही, दाराबाहेर उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. मी चुलीपासून धावत आले तोवर तुम्ही कार्ड हातात घेऊन, पालथं करून, अंगणात ठेवलं होतं आणि त्यावर शेण भरायचं घमेलं उपडं घातलं होतं. मी म्हटलं, अक्का, मला बघू द्या, तसं काही असतं तर सरकारची तार आली असती. पोस्टमनला विचारलं, कोणाचं अक्षर होतं? तो बिचारा म्हणाला, कोपरा बघितला आणि पुढचं बघायची हिंमतच झाली नाही. मी घमेल्याकडे गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

"वाचू नको," तुम्ही म्हणालात. "जोवर वाचलं नही, तोवर त्याले काही झालं नही."

आणि घमेल्याशेजारी बाज टाकून तुम्ही राखणीला बसलात. मला तेव्हा तुमचा संताप आला होता, आणि संतापापेक्षा सुटका जास्त वाटली होती. मला हात सोडवून घेता आला असता. मी वीस वर्षांची होते आणि तुम्ही काडीसारख्या. पण मी सोडवला नाही.

बातमी तासाभरात गावभर झाली. बायका गळा काढतच फाटकातून आत आल्या, तर तुम्ही बाजेवरून विचारलंत, कोन मेलं? शेजारच्या काकूंनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या घरून पिठलं-भाकरी आणली, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. तुम्ही ते ताट परत पाठवलंत आणि मला म्हणालात, चूल पेटव, वांगी भाज, आलेल्या मानसाले उपाशी धाडू नको. मी त्या दिवशी भरीत किती केलं त्याला गणती नाही. वांग्यांच्या धुरानं माझे डोळे वाहत होते, त्यामुळे मी रडते आहे की नाही हे मला स्वतःलाही कळत नव्हतं. अंगणात वीसपंचवीस माणसं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खात होती आणि कुठल्या तोंडानं मिरची मागावी ते कोणाला सुचत नव्हतं. भाऊंचे एक दूरचे मामा यावलहून आले होते. ते एक घास खायचे, घमेल्याकडे बघून डोळे पुसायचे आणि पुन्हा ताटात वाकायचे. जाताना मला हळूच म्हणाले, भरीत फार छान झालंय, पण हे आत्ता बोलू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा डोळा लागला. आदल्या सकाळपासून तुम्ही पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी भांडी घासायची राख घेऊन अंगणात आले आणि उगाच तिथंच घुटमळले. घमेलं उचलताना त्याची कड दगडावर वाजली, तरी तुम्ही जाग्या झाला नाहीत. कार्डावर त्यांचं अक्षर होतं. पाटीवरचं, मोठं, तुम्ही शिकवलेलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. उजव्या हाताचा वरचा कोपरा फाडलेला नव्हताच, कात्रीनं सरळ कापलेला होता. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेत मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तुमचा लेक प्रत्येक पत्राच्या त्या कोपऱ्यात मुक्काम आणि तारीख घालायचा. लढाईतही घातली. बोट कुठं उभी आहे ते शत्रूला कळू नये म्हणून कोणा साहेबानं तेवढा मुक्काम कापून घेतला आणि कार्ड पुढे धाडलं. त्या साहेबाला आपल्याकडचे रिवाज कुठून माहीत असणार? मला हसू फुटलं. असं हसले की तुम्ही दचकून उठलात, आणि मला वेड लागलं असं तुम्हाला वाटलं. मी म्हटलं, अक्का, ते सुखरूप आहेत. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, कार्डाकडे बघितलंत आणि म्हणालात, वाच.

इथं मी अडकले. ते आता सांगते. पत्ता तुमच्या नावाचा होता, पण मजकूर पहिल्यांदाच माझ्या नावानं सुरू होत होता. मी सुखरूप आहे, आमच्यातले काही परत आले नाहीत, असं लिहून पुढे होतं: अक्काच्या पत्रात तुला शोधत बसायचा कंटाळा आला, म्हणून हे तुलाच. अक्काला वाचून दाखवू नकोस. आलो की आधी तुझ्याशी पोटभर बोलेन, मग अक्काच्या पाया पडेन. उघड्या पोस्टकार्डावर, अक्का, पाटीएवढ्या अक्षरात. तुम्ही दोन दिवस उपाशी, आणि त्या कार्डात तुमच्यासाठी एवढंच. मी घसा साफ केला आणि वाचलं: तीर्थरूप अक्कांस शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. इथं तोफा वाजल्या की तुमची आठवण येते. तुमच्या हातचे बिबडे खावेसे वाटतात. आलो की आधी तुमच्या पाया पडेन. तुम्ही पदरानं तोंड झाकलंत आणि रडलात. मीही रडले, पण माझं पत्र गेलं म्हणूनही थोडी रडले.

पुढचा ताप मी स्वतःच ओढवून घेतला होता. तुम्ही बिबड्यांचा डबा कापडात शिवून धाडलात. त्यांना त्या ज्वारीच्या पापडांचा भुगा मिळाला आणि तो का मिळाला याचा पत्ता नाही. ते सुट्टीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, बिबडे पुरले का रे, एवढे मागितले होते तू? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझे डोळे पाहिले, आणि शहाण्या माणसासारखे म्हणाले, हो अक्का, पुरले. पण त्याहून मोठा ताप म्हणजे तुम्हाला ते कार्ड पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं. कोणी पाहुणा आला की, आण गं ते लढाईचं कार्ड. आणि तुमची आठवण अशी पक्की की मी तोफांच्या जागी बंदुका म्हटलं तर तुम्ही टोकायचात, मागच्या डावाले तोफा होत्या. शेवटी मी बनवलेला मजकूर एका कागदावर उतरवून घेतला आणि कवितेसारखा पाठ केला. हातात खरं कार्ड, तोंडात खोटं. वीस वर्षं मी ते वाचलं आणि एकदाही चुकले नाही. तुमचा लेक शेजारी बसून पान लावायचा. आताही पलीकडे टीव्हीसमोर बसलेत, कानाला यंत्र आहे पण लावत नाहीत. मघाशी ओरडून विचारलं, कोणाला लिहितेस? मी म्हटलं, अक्कांना. म्हणाले, माझा शिरसाष्टांग नमस्कार घाल. घातला.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाच नाही, म्हणून शेवटचं सांगून टाकते. तुम्ही अंथरुणाला खिळल्या होतात तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कार्ड वाचून झालं. मग माझा हात चाचपून धरलात, त्या सकाळी मनगट धरलं होतं तसा नाही, मऊ. "इतक्या डाव आयकलं, पोरी," तुम्ही म्हणालात, "त्यात तुह्यं नाव एक डाव बी नही. माह्या लेकाचं चुकलं. त्याच्या वतीनं मी तुही माफी मागते." सासूनं सुनेची माफी मागितलेली आपल्या गावात कोणी ऐकली नसेल. माझं नाव असलेलं कार्ड तुमच्या डोळ्यांसमोर माझ्याच हातात होतं. मला खरं सांगता आलं असतं, आणि तुम्हाला फार वाईटही वाटलं नसतं. पण तुम्ही माझ्यासाठी हळहळत होतात, पहिल्यांदाच, आणि मला ते इतकं गोड लागलं की मी मान खाली घातली आणि म्हटलं, जाऊ द्या अक्का, मी केव्हाच माफ केलं.