पंधरावा

कोलमनदादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. मेलबर्नहून खटपट करून तू शनिवारी डब्लिनला तुमच्या तिकडच्या व्यावसायिक संघासाठी माझी निवडचाचणी ठरवलीस. मी जाणार नाही.

शनिवारीच शेजारच्या किलब्रॅक गावाशी आपला गेलिक फुटबॉलचा सामना आहे. मला धरून आपल्या गावचे जेमतेम पंधरा होतात, तेही पोस्टमन डेक्लनला पन्नाशीत पुन्हा गोलात उभं केलंय म्हणून. त्याचा कुत्रा भर खेळात मैदानात शिरतो आणि चेंडूऐवजी पंचाच्याच मागे... असो, ते राहू दे. पंधरा उतरले नाहीत तर आपला संघ किलब्रॅकमध्ये विलीन होणार. त्यांची हिरवी जर्सी आपल्या अंगावर, दादा!

चाचणीचं मॅलकीकाकांना सांगितलं, तेव्हा ते गोलचं जाळं बांधत होते. म्हणाले, "जा रे बाबा. जाताना हे खांबही घेऊन जा, आम्हाला आता काय करायचेत?" सगळे खो खो हसले. काका मात्र गाठ मारत राहिले.

तिकडे खेळायचा पगार मिळतो आणि इथे जर्सीसुद्धा धुऊन परत द्यावी लागते, हे मला कळतं. अशी संधी पुन्हा येणार नाही, हेही कळतं. जग बघायची हौस तुझ्यापेक्षा मलाच जास्त आहे. तरी नाही.

तुझी अकरा नंबरची जर्सी आता मला दिलीय. खांद्यात अजून सैल होते.

हे पत्र सामना झाल्यावरच टाकीन. आधी मिळालं तर तू समजावशील, आणि तुझं मला नेहमी पटतं.

तुझ्या जागी खेळणारा,
फिंटन