पंखाचा स्लॅब

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. करुणास बाबाचा सप्रेम जय भीम.

आपल्या विमानाचा डावा पंख खरा केवढ्याला पडला, ते आधी सांगतो. घरी जोडायच्या किटच्या पेटीवरची किंमत सोड. पंख पोर्चमध्ये, म्हणून गाडी वर्षभर उन्हात. डॅशबोर्डला भेगा गेल्या. माझ्या अंगठ्याचं एक नख. तुझ्या आईच्या लाल नेलपॉलिशच्या तीन बाटल्या. आणि त्या जेवणापासून तिचं माझ्याशी बोलणं.

जेवणाचं तुला फोनवर अर्धंच सांगितलं. घराचा स्लॅब टाकून झाला की आपण गवंड्यांना, गल्लीला जेवू घालतो. मग शेवटचा पत्रा ठोकून पंख बंद करायच्या दिवशी का नको? ‘पंखाचा स्लॅब आहे, या’ म्हणून सगळीकडं सांगून टाकलं. नान-खलिया ठेवला. शेजारचे काकासाहेब म्हणाले, "सांडूशेठ, गच्चीवरून उडवणार का गल्लीतून?" म्हटलं, "आधी जेवा, मग तुम्हालाच उडवतो."

बाकी तब्येत बरी. वर्कशॉप चालू आहे. पहिलं उड्डाण तू करणार म्हणून फेब्रुवारीत रजा टाकलीस, ती पुढं ढकलता येते का बघ. थंडीत रंग वाळायला वेळ लागतो. हसू नको.

बरं, रंगाचं राहू दे.

आपला क्रम तुला पाठ आहे. झडप हलवणाऱ्या सळईची लांबी जुळवायची, नट कसायचा, तो सुटू नये म्हणून पिन घालायची. मग आई बघून नटावर नेलपॉलिशची लाल रेघ मारणार. रेघ दिसल्याशिवाय पत्रा बंद करायचा नाही. नियम माझाच. घाईतला माणूस ‘कसून झालं, कसून झालं’ म्हणत सुटतो. रेघेला घाई नसते.

त्या दिवशी पंखातल्या पेट्रोलच्या टाकीच्या कडेचं सीलंट कालवलं. ते सिमेंटसारखंच, कालवलं की कुणासाठी थांबत नाही. पत्रा तेवढ्यात बसलाच पाहिजे. बाहेर खुर्च्या लागत होत्या, खलियाचा वास सुटला होता. मी आणि आपला जुना फिटर कडूबा रिव्हेट मारत सुटलो.

जेवणं झाल्यावर सगळ्यांना गप्प केलं. पंखाला कान लावून झडप वर-खाली केली. म्हणालो, "आवाज नाय म्हणजे ढिलं नाय. चिकलठाण्याच्या कारखान्यात हेल्पर होतो तेव्हापासून हा कान एकदाही चुकला नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही लई बरं वाटलं.

भांडी आवरताना आई म्हणाली, "सळईच्या नटाला मी रेघ मारली नाय."

"मारलीस. विसरली असशील."

"आज माझ्या हातात बाटली नव्हती. पळी होती."

"अगं, कान लावला ना मी!"

"तुमच्या कानाच्या भरवशावर माझी लेक वर जाणार नाय."

त्यानंतर ती बोलली नाही. ताट समोर येतं, चहा येतो. आवाज फक्त कपाचा.

पंखाला तपासायची खिडकी आहे. आरसा घालून पाहिलं. बोल्टचं डोकं दिसतं, नट पलीकडून. हात पोचत नाही. पण मला आठवत होतं, तो नट मी कसून घेतला होता. पाना हातात होता, तेसुद्धा आठवत होतं. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त पक्कं आठवायला लागलं, आणि मग मला त्या आठवणीचीच भीती वाटायला लागली.

काल तू फोनवर विचारलंस, "बाबा, डावा पंख क्लिअर ना?" मी म्हणालो, "एकदम." फोन ठेवून वळलो तर आई दारात उभी. तिनं ऐकलं होतं. माझ्याकडं बघत राहिली, बस्स.

आज सकाळी ड्रिल घेऊन बसलो आणि सगळे रिव्हेट उडवले. सीलंट सुटेना, ओढताना पत्रा मुरगळला. नवा मागवावा लागेल, तो येईस्तोवर फेब्रुवारी निघून जाईल. आईनं न सांगता टॉर्च धरली. पत्रा वर झाला तसा मी हात आत घातला.

कालचा ‘एकदम’ मी मागं घेतो. इथं ये, पण जोवर प्रत्येक नटावर आईची रेघ तू स्वतः बघत नाहीस, तोवर या विमानात बसायचं नाही. मी कितीही सांगितलं तरी.

पिन नव्हती. नट बोटानं फिरला.

बाबा