पुलावर कोणी गोळी झाडली

२६ ऑक्टोबर, रविवार
नवनाथशी यापुढे बोलणं बंद.
भाऊबीजेला ललिताकडे सगळे जेवायला होतो. तिथे माझ्या बायको-मुलीसमोर या सख्ख्या धाकट्या भावाने मला खोटं पाडलं. विषय ‘कोल्ड ब्रिगेड’चा. कॉलेजात असताना हा कॉम्प्युटर गेम आम्ही दोघांनी मिळून खेळलो. शेवटचं मिशन जिंकलं की एक व्हिडिओ लागतो. बर्फातला पूल, पुलावर दोन भाऊ. थोरला कॅप्टन, धाकटा फितूर. कॅप्टन त्याला गोळी घालतो. विषय संपला.
नवनाथ म्हणाला, “नाही दादा, सोडून देतो.”
सगळे लगेच त्याच्या बाजूने. ज्यांनी गेम बघितलेला नाही, तेसुद्धा. ललिता म्हणाली, नवनाथचं लक्षात राहतं सगळं. म्हणजे माझं राहत नाही. बहीण आहे की वकील?
ठरलं. गेम लावायचा, व्हिडिओ दाखवायचा, सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावायची. एका संध्याकाळचं काम.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
माळ्यावर सीडी सापडली. नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही. हल्लीचे लोक वस्तू बनवतात की चेष्टा करतात? बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. दुकानदाराने विचारलं, “काका, सीडी कशाला आता?” त्याच्याकडे परत जायचं नाही.
गेम इन्स्टॉल झाला. पहिल्या झटक्यात. मी हार्डवेअरचा कोर्स केलेला आहे. हात विसरत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
व्हिडिओ दिसत नाहीत. गेम चालतो, पण मिशनच्या आधी जो व्हिडिओ लागतो तिथे स्क्रीन काळी. नुसता आवाज. वारा, बूट, इंग्रजीत कोणीतरी ओरडतंय.
ज्योत्स्ना मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुमच्या गेममध्ये लाइट गेलीय का?” एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये नोकरी करणाऱ्या नवऱ्याला हे विचारायचं. मुद्दाम विचारलं.
किरकोळ सेटिंगचा प्रॉब्लेम आहे. उद्या बघतो.

३ नोव्हेंबर, सोमवार
कम्पॅटिबिलिटी मोड लावला. रंग कमी केले. रिझोल्यूशन कमी केलं. व्हिडिओ काळाच. बाकी सगळी स्क्रीन जांभळी झाली आणि आयकॉन पुरीएवढे. तेजलला तिच्या अकरावीच्या नोट्स दिसेनात. तिने दोन मिनिटांत पूर्ववत केलं. मी करणारच होतो.
नंतर म्हणाली, “बाबा, यूट्यूबवर बघा ना. कोणीतरी टाकलाच असेल.”
तिला समजावलं की यूट्यूबवर कोणीही काहीही टाकतं. पुरावा आपल्याच सीडीतून निघाला पाहिजे. ती आईकडे बघून हसली. दोघींचं काहीतरी ठरलेलं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
जुन्या गेमवाल्यांचा एक फोरम सापडला. माझा प्रश्न सविस्तर लिहिला, भाऊबीजेपासून. एकाने उत्तर दिलं: सीडीवरची रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल, वाचलीस का. मी त्याला त्याची लायकी सांगितली. मला फोरमवरून काढून टाकलं. तिथले लोक एकमेकांना सामील आहेत.
रीडमी वाचलेली नाही. वाचणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
एका साइटवर कोडेक पॅक मिळाला. कोडेक म्हणजे व्हिडिओ उघडणारी चावी, एवढं मला कळतं. त्यासोबत आणखी काय काय आलं. आता काहीही उघडलं की आधी रमीची जाहिरात. तेजलने ऑनलाइन क्लासमध्ये स्क्रीन शेअर केली, तेव्हा सगळ्यांना दिसली. सरांनी विचारलं, घरी कोण खेळतं. तिने माझं नाव सांगितलं.
व्हिडिओ काळाच.

९ नोव्हेंबर, रविवार
शेवटचं मिशन जिंकलो. चीट कोड वापरला, कारण माझा वेळ मौल्यवान आहे. शेवटचा व्हिडिओ लागला. स्क्रीन काळी. वारा. दोघं काहीतरी बोलतात. मग स्पष्ट, खणखणीत, गोळीचा आवाज.
केस क्लोज्ड.
आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं: आता बोला.
नवनाथचं उत्तर आलं: “हवेत झाडली असेल दादा. पुढे कोणीतरी पळतंय, ऐक.”
परत ऐकलं. पावलं आहेत. पण पावलं कोणाचीही असू शकतात. पुलावरून माणसं जात-येत असतात.
ललिताने त्याच्या मेसेजला अंगठा दिला. ज्योत्स्नाने पण.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मुळावरच घाव घालायचा. हे नवं विंडोज काढून जुनं टाकायचं, त्या काळातलं. सगळं फॉरमॅट. ऑफिसातला सोमनाथ म्हणाला, आधी बॅकअप घे. माझ्यासोबत स्टोअरला बसतो आणि मला शिकवतो.
ज्योत्स्ना म्हणाली, त्यात आपल्या लग्नाचा व्हिडिओ आहे, तिचे अण्णा आहेत त्यात. अण्णा म्हणजे माझे सासरे, गेल्या वर्षी गेले. मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर घेतलाय. घेतलाच होता. नाव दिसत होतं त्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार
फॉरमॅट झाल्यावर कळलं, पेन ड्राइव्हवर शॉर्टकट होता. नुसता आयकॉन. व्हिडिओ नाही.
सॉफ्टवेअर कंपन्यांनी शॉर्टकट आणि फाइल सारखे दिसणारे बनवायला नकोत. यात माझी चूक कुठे?
जुन्या विंडोजला ना इंटरनेट सापडतं ना स्पीकर. गेम सुरूच होत नाही.
ज्योत्स्नाला सांगितलं. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. “अण्णांचा आवाज तेवढाच होता,” एवढंच म्हणाली आणि बाल्कनीतले कपडे काढायला गेली. वाळलेले नव्हते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
घरात कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही. मी सुरुवात का करू?
स्वयंपाकघरातून ज्योत्स्नाचा फोन ऐकू आला. नवनाथशी बोलत होती. लग्नाच्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर व्हिडिओ त्यानेच घेतला होता, त्याच्याकडे मूळ कॉपी आहे. रविवारी कळवणहून घेऊन येतो म्हणाला. शाळेत मास्तर आहे, रविवार मोकळाच.
म्हणजे आता उपकार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
तेजलने माणूस बोलावून परत नवं विंडोज टाकून घेतलं. मला न विचारता. त्या माणसाने एक साधा प्लेयरही टाकून दिला, म्हणे सगळे व्हिडिओ चालतात. म्हणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
नवनाथ सकाळच्या एसटीने आला. हातात पेन ड्राइव्ह आणि कोथिंबिरीची जुडी. ललितापण आली. ठरवलं होतं की “हं” याशिवाय बोलायचं नाही. जेवणापर्यंत पाळलं.
व्हिडिओ लागला. लगेच. मांडव, हळद, आणि मी कपाळाला आठ्या घालून बसलेला. मग अण्णा. कॅमेऱ्यासमोर येऊन कोणाला तरी सांगतात, “अरे, पाहुण्यांना पाणी विचारा.” ज्योत्स्नाने तेवढंच परत लावायला सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा ललिताही रडली. नवनाथ माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे बघितलं.
सगळे जेवायला उठले. मी म्हटलं, आलोच. सीडी घातली. त्यातल्या शेवटच्या व्हिडिओवर क्लिक केलं. त्या साध्या प्लेयरमध्ये उघडला. चित्रासकट.
बर्फ. पूल. दोघं भाऊ. पिस्तूल धाकट्याच्या हातात. थोरला कॅप्टन गुडघ्यांवर, हात वर. धाकटा त्याच्याकडे बघतो. मग पिस्तूल वर करून हवेत गोळी झाडतो आणि म्हणतो, जा. कॅप्टन पळत सुटतो. एकदाही मागे वळून बघत नाही.
दोनदा बघितलं. तेच.
आतून नवनाथने विचारलं, “दादा, लागला का रे तुझा तो व्हिडिओ?”
म्हटलं, नाही. काळाच दिसतोय.
“मग मरू दे. गोळी घातली असेल, तू म्हणतोस तर. ये जेवायला, वहिनी थांबल्यात.”
गेलो. सगळे ताटावर थांबले होते. मटण गार झालं होतं.